प्रस्तावनेत पडलेलं मंत्रिमंडळ

आमच्या त्सुबाओ गावात अजूनही कुणी ना कुणी सांगतं की हमामवाल्या कुरामोची काकांनी टोकियोचं सरकार पाडलं. परवा बसथांब्यावर एक बाई माझ्याच तोंडावर मला हे सांगत होती. वर म्हणते कशी, "पोलिसांनी वेळेवर हात धरला म्हणून, नाहीतर आणखी एखादं पाडलं असतं."

मी काकांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. लोणच्यांची पिंपं माझी, तापलेलं पाणी त्यांचं. त्यांच्या बॉयलरच्या उबेनं माझा मुळा हिवाळ्यातही वेळेत आंबतो. तेव्हा खरं काय ते सांगणं मला भाग आहे. सरकार काकांनी पाडलं नाही. ते आपलं आपण पडलं. काका त्या वेळी नुसते उभे होते, हात खाली, डोळे मिटलेले, आणि बोलत होते. आणि हात धरला तो पोलिसांनी नव्हे, त्यांच्या बायकोनं, मित्सुए काकूंनी. बाकी जे घडलं ते अफवेपेक्षाही वाईट आहे, म्हणून सविस्तर सांगते.

तोकुजी कुरामोची हे गावच्या सार्वजनिक हमामाचे मालक. आजोबांनी बांधलेला, वडिलांनी चालवलेला. तरुणपणी काका ओसाकाला पंख्यांच्या कारखान्यात कामाला गेले होते, पण तिथल्या आवाजात यांचा आवाज कुणाला ऐकू जाईना, म्हणून परत आले असं ते स्वतः सांगतात. हमामाच्या दारात उंच गल्ल्यावर ते बसतात. तिथून एका बाजूला पुरुषांची खोली दिसते, दुसऱ्या बाजूला बायकांची. म्हणून वडिलांनी पहिल्या दिवशीच शिकवलेलं, की गिऱ्हाइकाशी बोलताना डोळे मिटायचे. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की आता कुठेही तोंड उघडलं की त्यांचे डोळे आपोआप मिटतात. लग्न ठरवताना मित्सुए काकूंशी तासभर बोलले म्हणे, पण मुलगी कशी दिसते ते विचारल्यावर म्हणाले, "आवाज चांगला आहे."

काकांचा स्वतःचा आवाज मात्र खरंच देवाघरचा. सकाळी हौद धुताना ते ओरडतात तेव्हा फरशीच्या भिंती तो आवाज एकमेकींकडे फेकतात आणि माझ्या पिंपांवरचे दगड हलतात. ते ओरडतात ती बानझाई, म्हणजे आमच्याकडचा जयजयकार. दोन्ही हात सरळ आभाळाकडे, आणि तीनदा. लग्न, निवडणूक, नवा पूल, काहीही असलं तरी शेवटी कुणालातरी पुढे येऊन बानझाई सुरू करून द्यावी लागते आणि मग सगळे हात वर करतात. आमच्या भागाचे खासदार ताकेहाना साहेब, त्यांच्या समर्थक मंडळाची बानझाई काकांकडे आहे. आधी ती दारूच्या भट्टीवाल्या म्हाताऱ्याकडे होती, पण एका निवडणुकीत त्याचा खांदा निखळला आणि मान काकांकडे आला. तेव्हापासून साहेब प्रत्येक निवडणूक जिंकले. काका दर वेळी ओरडले. पण खासदाराची बानझाई ती काय! काकांना हवी होती मंत्र्याची.

"आपल्या गावाचा कधी कुणी मंत्री झाला नाही," ते गल्ल्यावरून म्हणायचे, डोळे मिटून. "एकदा तो झाला, की मी एकदा हात वर करीन, आणि मग खाली नाही केले तरी चालतील."

"मग कपडे कसे घालाल काका?" मी बायकांच्या बाजूने विचारायची.

"तू तुझे घाल आधी, सुमिए. थंडी वाजेल."

पक्षात रीत अशी, की पाच-सहा वेळा निवडून आलेल्या माणसाला रांगेत धरतात आणि कधी ना कधी खुर्ची देतात. ताकेहाना साहेब रांगेत उभे राहिले आणि तिथेच राहिले. टोकियोत सरकारं बदलायची, पंतप्रधान बदलायचे, एकाच पंतप्रधानाची मंत्रिमंडळं बदलायची, आणि दर वेळी आमची माणसं दुपारपासून साहेबांच्या गावातल्या कार्यालयात टीव्हीसमोर जमायची. शुभप्रसंगाचा तो मोठा लाल मासा बर्फावर तयार. काका काळा कोट घालून, घसा शेकून तयार.

पहिल्या वेळी वर्तमानपत्रात साहेबांचं नाव छापून आलं होतं, म्हणून मासा सगळ्यांत मोठा आणला. टीव्हीवर एकेक गाडी पंतप्रधानांच्या दारात येत गेली. शेवटच्या गाडीतून उतरला तो दुसऱ्या गटाचा माणूस. मग त्या माशाचं सार केलं आणि सगळ्यांनी खाली मान घालून ते प्यायलं. गावात त्या मंत्रिमंडळाचं नाव अजून 'साराचं मंत्रिमंडळ' असंच आहे.

दुसरं आलं तेव्हा कार्यालयातला फोन वाजला. साहेबांचा सेक्रेटरी मोरिवाकी, बारीक, सदा घाईत, त्यानं तो उचलला. ऐकलं आणि फोनसमोरच कमरेत वाकला. "हो... हो... फार आभारी आहोत... आपण आमची आठवण ठेवलीत..." पुन्हा वाकला, आणखी खोल. इतका खोल माणूस कुणासाठी वाकतो? काकांनी वेळ घालवला नाही. "बानझाई!" तीनदा. चाळीस माणसं हात वर करून ओरडली, कुणीतरी रडायला लागलं. मोरिवाकीनं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "नूडल्सवाला आहे. विचारतोय, किती वाट्या पाठवू."

"मग एवढा वाकतोस कशाला मेल्या?" काका ओरडले.

"अहो, आपण मागच्या वेळच्या वाट्या परत केल्या नव्हत्या!"

तिसऱ्या पंतप्रधानांनी जाहीर केलं, की या खेपेला तरुणांना आणि बायकांना संधी. साहेब दोन्हींत बसेनात. चौथ्यांचं मंत्रिमंडळ इतक्या लवकर गेलं की त्यांच्या मंत्र्यांची नावं शिकायच्या आत पुसायची वेळ आली. पाचव्यांनी साहेबांना उपमंत्री केलं, आणि आमच्याकडे मोठाच पेच पडला. उपमंत्र्याला बानझाई देतात का? मोरिवाकी म्हणाला, द्यायला हरकत नाही. कुणी म्हणालं, एकच द्यावी, तीन नको. काकांनी एक दिवस विचार केला आणि निकाल दिला: "उपमंत्र्याला टाळ्या. बानझाई सांभाळून ठेवायची वस्तू आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

आता या सगळ्याचा काकांवर काय परिणाम झाला ते सांगते. बानझाई सुरू करणाऱ्यानं आधी दोन नम्र वाक्यं बोलायची असतात. म्हणजे, मी कोण, माझी लायकी काय, तरी मोठ्यांच्या सांगण्यावरून हे धाडस करतो. लोक हे एका दमात संपवतात. काकांची प्रस्तावना मात्र दर सरकारागणिक वाढत गेली. ज्यानं ज्यानं साहेबांना डावललं त्याची आठवण त्या दिवशी झाली पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. साराचं मंत्रिमंडळ आलं, मग नूडल्सचं (हे त्यांनी जरा झाकून घातलं), मग तरुणांचं, मग ते चटकन पडलेलं चौथं, मग टाळ्यांचं. रोज सकाळी हौदात हे चाले. आम्हा शेजाऱ्यांना देशाचा इतिहास असा पाठ झाला. माझ्या मुलीनं शाळेच्या परीक्षेत 'साराचं मंत्रिमंडळ' लिहिलं आणि शून्य आणलं.

"काका, जरा आवरतं घ्या," मी भिंतीपलीकडून ओरडायची. "तुमची प्रस्तावना ऐकून माझ्या काकड्या मऊ पडतात."

"मऊच चांगल्या लागतात!" पलीकडून यायचं.

पण एक गोष्ट त्यांनी हौदातही ओरडून सांगितली नाही. ती मला मित्सुए काकूंनी सांगितली, पाठ चोळता चोळता. काकांचा उजवा खांदा धरत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, हा हात आता कानापर्यंत जातोय, वर्षभरात खांद्यापर्यंत जाईल, मग तिथेच थांबेल. काका रोज हमाम बंद झाल्यावर गरम पाण्यात खांदा बुडवून बसायचे.

"लोकांना कळलं तर बानझाई काढून घेतील म्हणतो," काकू म्हणाल्या. "ज्याचा हात वर जात नाही त्यानं काय मंत्र्याला ओवाळायचं का, म्हणे. झोपेत हात वर करून बघतो गं. मग कळवळतो. मी जागीच असते."

त्या वेळी मी काहीच थट्टा केली नाही. माझ्यासाठी हे फार झालं.

आणि मग या वसंतात एका मंत्र्याला भलतंच काही बोलल्याबद्दल राजीनामा द्यावा लागला, आणि रिकाम्या खुर्चीवर कुणाला बसवायचं अशी पंचाईत आली. कुणाचाच राग नसलेला आणि कुणालाच फारसा माहीत नसलेला माणूस हवा होता. साहेबांची रांग संपली. खातं तरी कसं! घटती लोकसंख्या, दूरची बेटं, अन्नाची नासाडी आणि डिजिटल नगरं यांचे विशेष मंत्री. काका हे नाव म्हणताना पहिल्या दिवशी बेटांपाशी अडकले, दुसऱ्या दिवशी नासाडीपाशी. तिसऱ्या दिवशी सगळं न थांबता म्हटलं तेव्हा मी इकडून टाळ्या वाजवल्या.

रविवारी दुपारी शेतकरी सहकारी संघाच्या सभागृहात सत्कार ठरला. सरकारची तब्येत बरी नाही असं टीव्हीवाले म्हणत होते, पण ते तर नेहमीच म्हणतात. साहेब टोकियोहून आले, छातीला फूल, चेहऱ्यावर अजून विश्वास न बसलेला. मासा होता. वर्तमानपत्राचा फोटोवाला होता. गावचे सगळे होते. भाषणं झाली, पेले भरले, आणि काका व्यासपीठावर चढले. काळा कोट, पांढरे हातमोजे. काकू मागे, पडद्याला टेकून.

काकांनी डोळे मिटले.

"मी एक साधा पाणी तापवणारा माणूस..."

सुरुवात फार सुंदर झाली. साराच्या मंत्रिमंडळाला लोक मनापासून हसले. नूडल्सच्या जागी काकांनी एक उसासा टाकला, तोही लोकांना आवडला. आणि मग, काका तरुणांच्या मंत्रिमंडळात शिरले तेव्हा, मोरिवाकीच्या खिशात फोन थरथरला. त्यानं पाहिलं. त्याच्या शेजारच्याचा थरथरला. मग सगळ्या सभागृहात, भाताच्या शेतात बेडकं एकेक करून सुरू व्हावीत तसं झालं. मीही पर्समधून काढून पाहिलं. पंतप्रधान राजीनामा देणार. मंत्रिमंडळ जाणार. सगळंच्या सगळं.

साहेबांचा हात छातीवरच्या फुलाकडे गेला. काढावं की ठेवावं, ते त्यांना ठरवता येईना.

काकांचे डोळे मिटलेले. "...आणि तरीही आमचे साहेब खचले नाहीत. सरकारं आली, सरकारं गेली..."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मीच असेन.

"...पण शेवटी या देशाला एक असा पंतप्रधान लाभला, दूरदृष्टीचा, ठाम पायांचा..."

मोरिवाकी व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. प्रस्तावना मध्ये तोडणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. आणि न तोडणं म्हणजे काय, हेही. शेवटी त्यानं काकूंकडे पाहून हात जोडले. काकू पुढे आल्या आणि काकांच्या कोटाची बाही ओढली.

"आत्ता नको गं," काका डोळे न उघडता म्हणाले. "बेटं यायची आहेत."

"अहो, सरकार पडलं."

"ते चौथं. ते झालं सांगून."

"चौथं नव्हे! आत्ताचं!"

काकांनी डोळे उघडले. समोर दोनशे माणसं, निम्म्यांचे चेहरे फोनच्या उजेडात निळे. मी त्या क्षणी काकांकडे पाहिलं आणि माझं हसू कुठे गेलं कळलं नाही. माणूस एकदम म्हातारा दिसला. उजवा हात डाव्या हातानं धरून उभा होता, जणू तो कुणी घेऊन जाईल.

साहेब उठून त्यांच्याजवळ गेले. चांगला माणूस आहे तो, सगळं असूनही. "काका, राहू द्या," ते हळू म्हणाले, पण मायक्रोफोन चालूच होता. "तुम्ही इतकी वर्षं... पण आता कसली बानझाई? चार दिवसांचा मंत्री मी."

"साहेब," काका म्हणाले, "नवे येईपर्यंत काम कोण बघतं?"

"तसं म्हटलं तर... आम्हीच."

"म्हणजे या क्षणी तुम्ही मंत्री आहात."

"आहे. पण लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघतो. तुम्ही सरळ उभे राहा. आणि ते फूल सोडा, चुरगळतंय."

मोरिवाकी खालून कळवळून म्हणाला, "काका, आज नको हो! टोकियोत सुतक आहे, आणि आपण इथे आनंद..."

"टोकियोत?" काका म्हणाले. "संसद बरखास्त झाली की टोकियोतली ती सगळी नोकरी गेलेली माणसं काय करतात रे? उभं राहून बानझाई करतात. मी टीव्हीवर पाहिलंय. आपला तर अजून नोकरीवर आहे."

काकांनी बेटं घेतली, नासाडी घेतली, डिजिटल नगरं घेतली, एकही न अडखळता. दीर्घ श्वास घेतला. "ताकेहाना मंत्री महोदय... बानझाई!"

डावा हात सुरीसारखा वर गेला. उजवा कानापाशी अडला. लोकांचेही हात अर्धेच वर. दरोडेखोर घुसल्यावर बँकेत करतात तसे. हौदातला आवाज त्या सभागृहात अगदी बारीक वाटला. काकांनी पुन्हा श्वास घेतला. तेवढ्यात मित्सुए काकू मागून पुढे झाल्या, दोन्ही हातांनी काकांचं उजवं कोपर धरलं आणि वर ढकललं. काका कळवळले. पण तो आवाज कळवळण्याचा आणि बानझाईचा मिळून असा काही निघाला की टेबलावरचे पेले किणकिणले. "बानझाई!" हात पूर्ण वर, आभाळाकडे. आता दोनशे माणसांचे हात सरळ गेले. माझेही गेले. तिसऱ्या वेळी ताकेहाना साहेबांनी स्वतःचेच दोन्ही हात वर केले, जे मंत्र्यानं करायचं नसतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

नेमका तोच फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. वरती मोठ्या अक्षरांत सरकार गेल्याची बातमी. खाली आमचं आख्खं गाव हात वर करून नाचतंय, मध्ये माजी होऊ घातलेला मंत्री आनंदाश्रू ढाळतोय, आणि समोर एक म्हातारा बेभान होऊन ओरडतोय, ज्याला मागून कुणीतरी हात धरून आवरतंय. देशाला एवढंच दिसलं. काकूंना त्यात पोलीस समजले लोक. विरोधी पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून काकांना धन्यवादाचा फोन आला; काकांनी डोळे मिटून तो ऐकला आणि वाकले नाहीत.

पुढचं मंत्रिमंडळ बनलं तेव्हा त्यात साहेबांना कुणी विचारलं नाही, आणि त्यामागे तो फोटो होता असं मोरिवाकीचं ठाम मत आहे. काकांचा खांदा त्यानंतर जो बसला तो बसलाच. आता केससुद्धा काकू विंचरतात. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, की बानझाई आता तरुण माणसाला द्यावी. काका म्हणाले, "द्या. माझी झाली करून." इतक्या सहज म्हणाले, की अवघडलेल्या मंडळींना मग सगळ्यांसाठी चहा मागवावा लागला.

आठवड्याभरानं मी बायकांच्या बाजूला केस पुसत होते तेव्हा मोरिवाकी अंघोळीला आला. गल्ल्यासमोर टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिला. मन मोकळं करायलाच आला असावा.

"राग मानू नका काका," तो म्हणाला, "पण तुमची प्रस्तावना जरा लहान असती ना, तर सरकार पडायच्या आत बानझाई उरकली असती. फोटो नीट आला असता. साहेबही कदाचित आज..."

मी केस पुसायची थांबले. पुरुषांच्या बाजूचं पाणीही थांबलं. काकांनी शांतपणे डोळे मिटले.

"प्रस्तावना लांब नव्हती, मोरिवाकी," ते म्हणाले. "मंत्रिमंडळच आखूड होतं."